पायधुणी : पाय धुवायच्या नाक्यावर नळ आला तेव्हा

मी भांडुपहून बोलतेय. आमच्या भागातल्या बचत गटांचं काम मी बघते. आज मात्र कर्ज, हप्ता, व्याज असलं काही बोलणार नाही. मुंबईतल्या एका जुन्या नाक्याची गोष्ट सांगणार आहे. त्या नाक्याचं नाव पायधुणी.

तुमच्यातल्या कितीतरी जणींनी हे नाव बसच्या पाटीवर वाचलं असेल. लग्नाची भांडी आणायला, नाहीतर मुंबादेवीची ओटी भरायला तुम्ही तिथून गेलाही असाल. एका बाजूला मुंबादेवी आणि काळबादेवी, दुसऱ्या बाजूला भेंडी बाजार. मधे जैनांची देवळं, मशिदी, तांब्यापितळेची दुकानं, हातगाड्या आणि माथ्यावर ओझी घेतलेली माणसं. सकाळी दहानंतर तिथं उभं राहायला जागा मिळत नाही. अशा ठिकाणाला पायधुणी हे नाव का पडलं असेल?

उत्तर नावातच आहे. तिथं लोक पाय धुवायचे.

मुंबई आधी एकसंध जमीन नव्हती, सात बेटं होती, हे शाळेत आपण वाचलेलं असतं. भरती आली की बेटांच्या मधल्या सखल भागात समुद्राचं पाणी शिरायचं. महालक्ष्मीच्या बाजूला मोठं भगदाड होतं. तिथून आत आलेलं पाणी थेट आजच्या पायधुणीपर्यंत पोहोचायचं. ओहोटीला चिखल तुडवत यायचं, भरतीला गुडघाभर पाण्यातून. एवढं करून मुंबईच्या मुख्य बेटावर पाऊल ठेवायचं तर आधी पाय धुवायचे, म्हणून हे नाव पडलं असं मानतात. आपण शेतातून घरी आलो की उंबऱ्याबाहेर पायावर तांब्याभर पाणी घेतो, तसाच हा मुंबईचा उंबरा. पुढे गव्हर्नर हॉर्नबीच्या काळात, 1784 च्या सुमारास, महालक्ष्मीजवळ बांध घालून समुद्राचं ते तोंड बंद झालं. आतली दलदल हळूहळू सुकली, भराव पडले, वस्ती वाढली. खारं पाणी गेलं आणि नाव तेवढं राहिलं.

आता मुद्द्यावर येते. पाय धुवायला समुद्र होता, पण प्यायला काय होतं?

होत्या विहिरी आणि तलाव. जुन्या मुंबईची नावं आठवून बघा. धोबी तलाव, सी. पी. टँक म्हणजे कावसजी पटेल तलाव, गोवालिया टँक, बाबुला टँक, खारा तलाव. यातल्या एकाही ठिकाणी आज तलाव दिसणार नाही. रस्ते, मैदानं, इमारती झाल्या. पण अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली मुंबई याच पाण्यावर जगत होती. बरेच तलाव दानशूर लोकांनी बांधले किंवा दुरुस्त केले. धोबी तलावावर फ्रामजी कावसजी यांनी 1839 साली मोठा खर्च केला, म्हणून सरकारनं त्या तलावाला त्यांचं नाव दिलं. पायधुणीजवळ मुंबादेवीचा तलाव होता. तो पुतळीबाई नावाच्या एका बाईनं बांधवला, असं जुन्या लेखनात सांगितलेलं आहे. शेठ मंडळींच्या नावांचे फलक खूप सापडतात, पण या पुतळीबाईचं नाव किती जणींनी ऐकलंय? आज इथून एकदा तरी घेऊया.

हे तलाव म्हणजे पावसाचं साठलेलं पाणी. मार्च उजाडला की तळ दिसायला लागायचा. बेटावरच्या विहिरी उथळ, समुद्र जवळ, त्यामुळे उन्हाळ्यात पाणी खारट व्हायचं. गावात ज्यांनी चैत्र-वैशाखात विहिरीच्या तळाशी वाटीनं पाणी भरलंय, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. श्रीमंतांच्या घरी भिस्ती कातडी मशकीतून नाहीतर बैलावरच्या पखालीतून पाणी आणून टाकायचे. ज्यांना ते परवडत नव्हतं त्यांच्या घरी पाणी कोण आणत होतं? डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा, हंड्यावर कळशी. इतिहासाच्या पुस्तकात गव्हर्नरांची नावं येतात, इंजिनिअरची येतात, ही चुंबळ येत नाही.

याच पाण्यातून एक आजारही यायचा. नारू. तुमच्या आजीला विचारा, तिला नाव नक्की ठाऊक असेल. ज्या विहिरीला पायऱ्या असतात आणि माणसं पाण्यात उतरून भरतात, तिथं हा पसरतो. नारू झालेल्या माणसाच्या पायाला फोड येतो आणि त्यातून दोऱ्यासारखा लांब किडा बाहेर निघतो. आग होते म्हणून माणूस पाय पाण्यात बुडवतो. त्याच वेळी किडा हजारो अळ्या पाण्यात सोडतो. पाण्यातले बारीक जीव त्या अळ्या गिळतात, ते पाणी दुसरा कुणी पितो आणि वर्षभरानं त्याच्या पायातून किडा निघतो. औषध काही नव्हतं. काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा किडा ओढून काढायचा, तुटला तर आणखी वाईट. जुन्या मुंबईत हा आजार नेहमीचा होता. आपल्या देशातून नारू गेला तो अगदी अलीकडे. 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त झाल्याचं जाहीर केलं. आणि तो लस टोचून गेलेला नाही. पाणी फडक्यानं गाळून, पायऱ्यांच्या विहिरी बंद करून आणि हातपंप बसवून गेला. गावोगाव पाणी गाळायचं काम कुणी केलं, हे तुम्हाला सांगायला नको.

शहर वाढत होतं, पाणी मात्र तेवढंच. 1845 च्या सुमारास देशी लोकांच्या वस्तीत पाण्यावरून ओरड झाली. पायधुणी, भुलेश्वर, मांडवी हा सगळा भाग म्हणजे देशी वस्ती, तर गोरे साहेब कोटात नाहीतर मलबार हिलवर राहायचे. समित्या बसल्या, अहवाल झाले. मग 1854 मध्ये पाण्याची भयंकर टंचाई पडली. त्या काळात एक वेळ अशीही आली की गुरं शहरातून बाहेर माहीमकडे हलवावी लागली आणि बेटाबाहेरून होड्यांतून, आगगाडीतून पाणी आणून विहिरींत ओतावं लागलं. आगगाडी तेव्हा अगदी नवी. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली होती.

इथं आमच्या भांडुपचं थोडं कौतुक करू द्या. ही रेल्वे बांधावी हे सरकारी इंजिनिअर जॉर्ज क्लार्क यांच्या मनात पहिल्यांदा आलं ते 1843 साली, भांडुपला आले असताना, असं रेल्वेच्या इतिहासात लिहिलेलं आहे. सकाळच्या लोकलमध्ये चेंगरताना आम्ही बायका म्हणतो, साहेबानं इथं येऊन विचार केला तो केला, जरा मोठ्या डब्यांचा केला असता तर बरं झालं असतं.

पाण्यासाठीही साहेबांची नजर आमच्याच बाजूला वळली. मुंबई बेटाच्या उत्तरेला साष्टी, म्हणजे आजची उपनगरं. तिथं डोंगर, जंगल, भातशेती आणि भरपूर पाऊस. मिठी नदीच्या उगमाकडे विहार नावाचं गाव होतं. तिथली दरी बांध घालून अडवायची आणि लोखंडी नळानं पाणी शहरात न्यायचं असं ठरलं. गव्हर्नर लॉर्ड एलफिन्स्टन यांनी जोर लावला, हेन्री कॉनीबेअर या इंजिनिअरनं योजना आखली. 1856 मध्ये काम सुरू झालं आणि 1860 मध्ये विहारचं पाणी मुंबईत पोहोचलं. दिवसाला सुमारे 3 कोटी 20 लाख लिटर. डोंगरातलं पाणी उतारानं, आपल्याच ओढीनं शहरापर्यंत गेलं, पंपाची गरज लागली नाही. भारतातल्या मोठ्या नळयोजनांमध्ये ही अगदी पहिल्या काळातली.

विचार करा, त्या वर्षी पायधुणीच्या आसपासच्या बायकांना काय वाटलं असेल. तोटी फिरवली की पाणी! रहाट नको, दोर नको, पोहरा नको. अर्थात घराघरात नळ आले नाहीत. नाक्यावर, गल्लीच्या तोंडाशी आले. रांग होतीच, भांडणं होतीच. पण पायऱ्या उतरायच्या नव्हत्या आणि पाण्यात नारू नव्हता. मला विचाराल तर इंग्रजांनी मुंबईत बांधलेल्या सगळ्या दगडी इमारती एका बाजूला आणि ती तोटी एका बाजूला. इमारतींचे फोटो निघतात, तोटीचा कुणी काढत नाही.

पण तोटीतलं पाणी आलं कुठून, हेही धरून ठेवायला हवं. तेव्हा विहार, भांडुप, पवई ही सगळी गावं मुंबईत नव्हती, ठाणे जिल्ह्यात होती. भांडुप मुंबईत आलं ते 1950 साली. म्हणजे नव्वद वर्षं असं चाललं की डोंगर आमचा, पाऊस आमचा आणि नळ शहराचा. तलाव बांधणं म्हणजे रिकाम्या खड्ड्यात पाणी भरणं नव्हे. दरीत भातखाचरं असतात, गुरांच्या वाटा असतात, पाड्यांचं सरपण असतं. विहार पुरेना म्हणून 1879 मध्ये तुळशी तलाव झाला, तोही पुरेना म्हणून 1892 मध्ये तानसा. त्यानंतर वैतरणा, भातसा. प्रत्येक वेळी शहर आणखी लांबच्या डोंगरात गेलं. शहापूर तालुक्यातल्या मैत्रिणी हा कार्यक्रम ऐकत असतील. तुमच्या तालुक्यातल्या तलावांचं पाणी आमच्या नळाला येतं आणि उन्हाळ्यात तुमच्या पाड्यावर टँकर येतो. या गोष्टीची सुरुवात तिथं विहारला झाली.

आता पुन्हा नाक्यावर येऊ, कारण नळानंतर पायधुणी पार बदलली. 9 मे 1874 ला मुंबईत ट्रॅम सुरू झाली, घोड्यांची ट्रॅम. पहिले दोन मार्ग होते, एक कुलाब्याहून पायधुणीला आणि दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणीला. दोन्हींचं शेवटचं ठिकाण आपलं पायधुणीच. भाडं सुरुवातीला तीन आणे होतं, ते लवकरच कमी करावं लागलं. त्या काळी तीन आणे म्हणजे गरिबाला परवडणारी गोष्ट नव्हती. कंपनीकडे एकेकाळी नऊशे घोडे होते. उन्हाळ्यात घोड्यांच्या डोक्याला टोप्या घालायचे म्हणे. घोड्यांना पाणी लागतं, बैलांना लागतं, ओझी वाहणाऱ्या माणसांना लागतं, म्हणून दानशूर व्यापारी चौकाचौकांत प्याऊ बांधू लागले. पायधुणीपासून थोड्या अंतरावर मशीद बंदरच्या बाजूला भात बाजारात केशवजी नाईक यांनी बांधलेला 1876 चा प्याऊ अजून उभा आहे, वर घड्याळाचा मनोरा आहे. गेलात तर बघा. 1907 मध्ये विजेची ट्रॅम आली आणि घोड्यांची सुट्टी झाली.

आणि तांबाकाटा. पायधुणीला लागूनच तांब्यापितळेचा बाजार, त्याला तांबाकाटा म्हणतात. काटा म्हणजे वजनाचा. तांबटांच्या हातोडीचे ठोके दिवसभर कानठळ्या बसवायचे, असं जुन्या मुंबईविषयी लिहिणाऱ्या साहेबांनीही नोंदवलंय. मला यात गंमत वाटते. ज्या नाक्याचं नाव पाण्यावरून पडलं, तिथंच पाणी भरायची भांडी घडत होती. हंडा, कळशी, घागर, तांब्या, बंब. मुलीच्या लग्नात हंडा-कळशी द्यायची म्हणजे आयुष्यभराचं पाणी भरायचं काम तिच्या हाती द्यायचं. आपण त्याला आहेर म्हणतो.

आमच्या गटात नव्वदीच्या एक आजी आहेत. त्या सांगतात, स्वातंत्र्याच्या दोन-तीन वर्षं आधी त्या आईबरोबर कोकणातून बोटीनं आल्या, भाऊच्या धक्क्यावर उतरल्या. मोठ्या बहिणीचं लग्न ठरलं होतं, म्हणून तांबाकाट्यावर भांडी घ्यायला गेल्या. ट्रॅमचं एक आण्याचं तिकीट. आजींना बाजार फारसा आठवत नाही, पण दुकानदारानं हंडा काट्यावर ठेवला आणि आईनं बोटानं ठोकून आवाज ऐकला, ते लख्ख आठवतं. “आवाज बद्द आला तर पत्रा पातळ, खणखणला तर घ्यायचा.” हंडा घेऊन त्या नातेवाइकांच्या चाळीत आल्या, तर तिथं नळावर पहाटे चारला रांग. आजी म्हणाल्या, “मला वाटलेलं मुंबईत नळ आहे म्हणजे बाया झोपतात. कुठल्या झोपतात!” तो हंडा अजून त्यांच्या भाचीकडे आहे. आता त्यात पीठ ठेवतात.

नळ आला म्हणून पाण्यावरची जात गेली का? नाही गेली. विहिरीवर, तलावावर कुणी हात लावायचा आणि कुणी लांब उभं राहून कुणीतरी वरून ओतेल याची वाट बघायची, हे आपल्या गावांत होतं तसं शहरांतही होतं. महात्मा फुल्यांनी 1868 साली पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला तो याच दुखण्यावर. मुंबईत सी. के. बोले, म्हणजे रावबहादूर सीताराम केशव बोले, यांनी 1923 मध्ये मुंबई कायदेमंडळात ठराव मांडला की सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले असावेत. ठराव मंजूर झाला, कागदावर. त्याच ठरावाच्या आधारानं 20 मार्च 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. तेव्हा बाबासाहेब परळच्या बीआयटी चाळीत राहत होते. ही बीआयटी म्हणजे मुंबई सुधार ट्रस्ट, आणि तो ट्रस्ट जन्मला प्लेगमुळे.

प्लेगची गोष्ट फार मोठी आहे, तिच्यावर एक वेगळी चर्चा करू. इथं एवढंच सांगते की 1896 च्या सप्टेंबरमध्ये पायधुणीजवळच्याच मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. काही महिन्यांत लोक शहर सोडून गावाकडे पळाले. 1898 मध्ये सुधार ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढायचे आणि चाळी बांधायच्या, हे त्याचं काम. पायधुणीच्या आसपासचे बोळ फोडून मोठे रस्ते निघाले. रस्ते रुंद झाले, हवा आली हे खरं. पण पाडलेल्या घरांतली सगळीच माणसं नव्या चाळीत गेली नाहीत. कित्येकांना तिथलं भाडं झेपत नव्हतं.

त्यानंतर विहिरींची पाळी आली. 1911 च्या सुमारास डॉ. बेंटली यांनी मुंबईतल्या हिवतापाचा अभ्यास केला. घरांच्या अंगणातल्या विहिरींत हिवतापाचे डास वाढतात असं दिसलं. मग विहिरी बुजवायचे, झाकायचे हुकूम निघाले. लोकांनी विरोध केला. पूजेला, धर्मकार्याला विहिरीचंच पाणी लागतं असं अनेकांचं म्हणणं होतं. पारशी बांधवांनी काही विहिरी जपल्या. चर्चगेटजवळची 1725 सालची भिखा बेहराम विहीर आजही आहे आणि तिचं पाणी गोडं आहे, समुद्र एवढा जवळ असून. बाकी बऱ्याच बुजल्या. मुंबादेवीचा तलावही बुजला. पुतळीबाईच्या तलावावरून आता माणसं चालतात.

विहिरी बुजवणं चूक होतं असं मी म्हणणार नाही. हिवतापानं माणसं मरत होती. पण विहीर बुजली की पाणी आपल्या अंगणातून उठून दुसऱ्याच्या हातात जातं. चावी कुणाच्या हातात, किती वाजता सुटणार, किती वेळ राहणार, हे दुसरा कुणी ठरवतो. आमच्या भांडुपला मुंबईचं पाणी शुद्ध करणारं केंद्र आहे, आशियातल्या अगदी मोठ्या केंद्रांपैकी एक. तिथून साफ झालेलं पाणी पायधुणीला जातं, कुलाब्याला जातं. आणि भांडुपच्या टेकडीवरच्या वस्त्यांत, जिथून ते केंद्र दिसतं, तिथं पाण्याचा दाब चढत नाही म्हणून बायका प्लॅस्टिकचे कॅन घेऊन खाली उतरतात. आमच्या गटाच्या बैठकीची वेळ आम्ही पाण्याच्या वेळेवरून ठरवतो. कर्जाच्या वहीत पहिलं कर्ज लिहिलंय ते दोनशे लिटरच्या टाकीसाठी.

गोविंद नारायण माडगावकर यांनी 1863 मध्ये ‘मुंबईचे वर्णन’ हे पुस्तक लिहिलं. विहारचा नळ येऊन तेव्हा तीनच वर्षं झाली होती. मुंबईवर मराठीत लिहिलेलं हे पहिलं मोठं पुस्तक. तुमच्या तालुक्याच्या वाचनालयात मिळालं तर बैठकीत थोडं थोडं वाचा, भाषा जुनी आहे पण कळते.

आणि एक काम करा. तुमच्या गावातल्या विहिरींची, तळ्यांची, पाणवठ्यांची जुनी नावं गटाच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवा. कुणी बांधली, कुणाला तिथं पाणी भरायला मनाई होती, कधी बुजली, बुजल्यावर त्या जागेवर काय झालं. गावातल्या म्हाताऱ्या बायांना विचारा, बाप्यांना नंतर. लिहून झालं की आमच्याकडे पाठवा, पुढच्या महिन्यात इथंच वाचून दाखवू.